गोठ्यातला रेडिओ

डेअरीवर दूध घालायला गेलो की वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी विचारतंच, "काय रं, तुमच्या गोठ्यात रेडिओ चालू असतोय म्हणं. म्हशी दूध जास्त देत्यात का त्यानं?" विचारणारा निम्मा चेष्टेत असतो, निम्मा खरंच विचारत असतो. आज जरा सवड आहे, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो.

आधी दुधाचं. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली होल्स्टिन गायींवर असा प्रयोग केला होता. जलद गाण्यांच्या तुलनेत संथ गाणी लावली तेव्हा गायीमागं दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास, म्हणजे साधारण तीन टक्के दूध जास्त मिळालं. आता माझ्या दावणीला मुऱ्हा म्हशी चार. त्यांच्या मापात रेडिओनं फरक पडलेला मी तरी बघितला नाही. फरक पडतो तो पान्ह्यात. म्हैस सवयीचं जनावर आहे. तोच माणूस, तोच हात, तीच बादली, तीच वेळ असली की ती निवांत पान्हा सोडते. नवखा माणूस धारेला बसला की चोरते. पहाटेची धून, मग बोलणाऱ्या बाईंचा आवाज, मग भक्तिगीत, हे सगळं आता त्या सवयीत जमा झालंय. एखाद्या दिवशी सेल संपले आणि रेडिओ मुका राहिला की थोरली म्हैस खांबाकडं मान वळवून बघते. आंबोण पुढ्यात असून बघते.

पण खरं सांगायचं तर रेडिओ म्हशींसाठी नाहीच. तो आमच्यासाठी आहे.

शेतकऱ्याच्या सकाळी हात मोकळे नसतात आणि डोळेही मोकळे नसतात. शेण काढायचं, वैरण टाकायची, कास धुवायची, धार काढायची, रेडकू सोडायचं-बांधायचं. या वेळेला टीव्ही उपयोगाचा नाही, मोबाइल तर नाहीच. ओल्या हातानं स्क्रीन चालत नाही आणि एकदा म्हशीच्या लाथेनं गेलेला मोबाइल मी शेणातनं काढलाय. कान तेवढे मोकळे असतात. कानाला काम देणारी आणि बदल्यात काही न मागणारी एकच वस्तू माझ्या माहितीत आहे.

आम्ही तासगाव तालुक्यातले. आमच्याकडं सांगली आकाशवाणी लागते, मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ. काटा कुठं आणायचा ते आमच्या गोठ्यात अंधारातही कळतं, कारण वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तिथं नेलपॉलिशचा ठिपका मारून ठेवलाय. सहाच्या आत आकाशवाणीची ती ओळखीची धून लागते. ही धून वॉल्टर काउफमन यांच्या नावावर आहे. युरोपातला ज्यू संगीतकार, हिटलरच्या काळात घरदार सोडून १९३४ साली मुंबईला आला आणि पुढं मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होता. धून शिवरंजनी रागातली आहे. परक्या मुलखात आसरा शोधत आलेल्या माणसानं बांधलेली चाल, आणि तिच्यावर आमच्या तीन पिढ्या उठल्या. कधी कधी शेण भरता भरता हे आठवतं आणि गंमत वाटते.

मग वंदे मातरम्, मंगलवाद्य, भक्तिगीतं, आणि मध्ये कुठंतरी पाचेक मिनिटांचं चिंतन. सहा पंचावन्नला दिल्लीहून संस्कृत बातम्या. त्यातलं आम्हाला 'वार्ताः' सोडून फारसं कळत नाही, पण ती वेळ म्हणजे दुसऱ्या म्हशीखाली बसायची. सात पाचला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की दुधाची किटली गाडीला अडकवलेली पाहिजे, नाहीतर डेअरीचा काटा बंद. घड्याळ आम्ही बघत नाही. पावसाळ्यात मात्र या बातम्यांना सगळे हातातलं काम थांबवून उभे राहतात, कोयनेतून किती क्युसेकनं पाणी सोडलं ते ऐकायला. आमचं गाव उंचावर आहे, पण निम्मे पाहुणे कृष्णाकाठचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ ची. ते आकडे ऐकताना आई नुसती उंबऱ्याला धरून उभी असायची.

चिंतनाबद्दल जरा बोलायचंय, कारण लोक हसतात ते त्यालाच. "सकाळी सकाळी प्रवचन कोण ऐकतंय?" असं म्हणतात. माझंही सरसकट कौतुक नाही. काही चिंतनं अशी असतात की पहिल्या वाक्याला शेवटचं कळतं. अपयश ही यशाची पायरी, वेळ अनमोल आहे, हसत जगावं. असलं काही लागलं की मी बादली जरा जोरात आपटतो. ज्याच्या बागेवर गारपीट झालीय त्याला पायऱ्या मोजायला सांगू नये.

पण महिन्यातून दोन-चार वेळा खरं काही ऐकायला मिळतं. निवृत्त शिक्षक होते एक, नाव लक्षात नाही. त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं. दोडक्याच्या वेलाला लागलेला पहिला चांगला दोडका ती कुणाला तोडू देत नसे, चिंधी बांधून बियाण्याला राखायची. घरात भाजीला काही नसलं तरी तो दोडका वेलावरच. पोरं कुरकुरायची. सर म्हणाले, आमची भूक आणि पुढच्या वर्षाचा वेल यांत आई रोज सकाळी निवड करत होती आणि आम्हाला ती कंजूष वाटत होती. एवढंच. तात्पर्य वगैरे काही सांगितलं नाही, लगेच गाणं लागलं. मी त्या दिवशी दिवसभर माझ्या आजीचा विचार करत होतो. तिचाही असाच चिंधीचा दोडका असायचा.

याचं गमक माझ्या मते वेळेत आहे. पाच मिनिटं बोलणं आणि मागंपुढं गाणं. बोलणाऱ्याला पाल्हाळ लावायला जागा नाही, ऐकणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. मोबाइलवर सकाळी पन्नास सुविचार येतात, गुलाबाच्या फुलासकट. ते पाठवणाऱ्याला आपण काहीतरी परत पाठवावं लागतं, निदान हात जोडल्याचं चित्र तरी. रेडिओ विचारत नाही की तू ऐकलंस का, तुला पटलं का. तो बोलतो आणि पुढं जातो. खत टाकून पाणी दिल्यासारखं आहे. मुळाला पाहिजे तेवढं मूळ घेईल, बाकीचं वाहून जाईल.

अण्णांच्या लहानपणी गावात रेडिओ एकच होता, चावडीत. घरातला पहिला रेडिओ मर्फीचा, आणि त्याला पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन भरावं लागायचं. ते पुस्तक अजून आमच्या ट्रंकेत आहे. पुणे केंद्रावरून १९५५ साली रामनवमीला गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गाणं, सकाळच्या वेळी, वर्षभर चाललं, एकूण ५६ गाणी. लिहिणारे गदिमा, म्हणजे आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या माडगूळचे. आमच्या आजोबांनी ते चावडीत उभं राहून ऐकलं. त्याचा अभिमान अण्णांना इतका की जणू चाली आजोबांनीच लावल्या.

शेतकऱ्यासाठीचा रेडिओ म्हटलं की सगळ्यांना संध्याकाळचे शेतीचे कार्यक्रम आठवतात. त्याचीही मुळं आपल्याकडंच आहेत. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, गावात पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून ऐकायचा, नंतर चर्चा करायची, प्रश्न केंद्राला कळवायचे. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला आणि पुढं देशभर तशी मंडळं निघाली. फार मोठं काम होतं ते. पण तो रेडिओ शिकवणारा. सकाळचा रेडिओ शिकवत नाही, तो सोबत करतो. दोन्ही पाहिजेत. पण पहिल्याचं महत्त्व सांगायला कृषी विद्यापीठं आहेत, दुसऱ्याचं सांगायला कुणी नाही, म्हणून मी लिहितोय.

आता जे सांगणार आहे ते माझ्या चुलतभावाचं आहे. त्याला विचारूनच लिहितोय. "लिही, पण नाव नको," म्हणाला.

त्याची दीड एकर द्राक्षबाग. २०१९ ला ऑक्टोबर छाटणी झाली आणि नंतर परतीचा पाऊस थांबेना. ज्यांनी बाग केलीय त्यांना सांगायला नको. कुणाची बाग पोंग्यात, कुणाची फुलोऱ्यात, आणि रोज सकाळी पानावर पाणी. केवडा, म्हणजे आपला डाऊनी, घडात शिरला. दिवसातनं दोन-दोन फवारण्या झाल्या, ट्रॅक्टर चिखलात रुतायला लागला तसा पाठीवरच्या पंपानं मारल्या. नोव्हेंबरच्या मध्याला बागेत फिरलं की गळलेले मणी पायाखाली यायचे. औषधाची उधारी, सोसायटीचं कर्ज, मागच्या वर्षीचं राहिलेलं. आकडा सांगत नाही.

भाऊ रडला नाही, ओरडला नाही. बोलायचा थांबला. बागेकडं जायचा थांबला. दिवसभर सोप्यात भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. वहिनी एके दिवशी आमच्याकडं आली आणि आईला म्हणाली, "आत्ती, दिवस निघतोय कसातरी. पहाटंची वेळ लई वंगाळ. चार वाजता उठून बसत्यात आणि नुसतं अंधारात बघत्यात." मला तिचं ते वाक्य अजून ऐकू येतं. आपल्या भागात अशा पहाटेचा अर्थ काय होऊ शकतो ते सगळ्यांना माहीत आहे. औषधाच्या बाटल्या घरातच असतात ना आपल्या.

भेटायला लोक येत होते. येणं चांगलंच. पण प्रत्येक जण धीर द्यायचा. "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." "तुझ्यापेक्षा वाईट झालंय लोकांचं." "पोरांकडं बघ." एकानं तर मोबाइलवर कुठल्या तरी वक्त्याचं तासाभराचं भाषण लावून पुढ्यात ठेवलं. भाऊ मान हलवायचा. माणूस गेला की आणखी आत जायचा. धीर देणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, बरं वाटल्याचं दाखवावं लागतं, आणि त्याच्याकडं तेवढी ताकद नव्हती.

दोन गोष्टी झाल्या. एक, त्याला मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. मनाचे डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या. हे मी मुद्दाम लिहितोय, रेडिओनं बरा केला असं कुणी समजू नये. पाऊस आणि कर्ज यानं माणसाला आजार होतो आणि आजाराला औषध असतं. दुसरं, आईनं फर्मान काढलं, "पहाटं ह्याला आपल्या गोठ्यात न्या. ह्याच्या हातात झाडू द्या. कुणी काही बोलायचं नाही." घरं शेजारीच, भिंतीला भिंत. मी साडेपाचला हाक मारायचो, तो यायचा. झाडू घ्यायचा. मी बोलायचो नाही. रेडिओ बोलायचा.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दोन माणसं, चार म्हशी, आणि खांबावरचा आवाज. आता मला कळतं की त्या वेळी रेडिओ नसता तर मीच काहीतरी बोललो असतो. शांतता माणसाला सहन होत नाही; मी नक्की म्हणालो असतो, "बरं वाटतंय का रं?" रेडिओमुळं मला गप्प बसता आलं. गोठ्यात माणसाचा आवाज होता, गाणं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही त्याच्याविषयी नव्हतं.

त्याचं पहिलं वाक्य आलं ते रागाचं. चिंतनात कुणीतरी सांगत होतं, संकटं म्हणजे देवानं घेतलेली परीक्षा असते. भाऊ झाडता झाडता थांबला आणि रेडिओकडं बघून म्हणाला, "हितं ये म्हणावं एकदा. फीस बी आम्हीच भरायची आणि नापास बी आम्हीच व्हायचं." आणि परत झाडायला लागला. मी धारेला बसलो होतो, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून. मला हसूही आलं आणि दुसरंही काही आलं. चिंतन चुकीचं होतं, पण कामाला आलं.

दुसरं वाक्य फेब्रुवारीत. पाहुणे होते मिरजेचे, तंबोरे बनवणाऱ्या घरातले. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांचं नाव तुम्हाला माहीत असेलच. पुढं २०२४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सकाळच्या कार्यक्रमात असे पाहुणे आले की मला आवडतं. साहेब-पुढारी कमी, हातानं काम करणारी माणसं जास्त. मुलाखत घेणारी बाई थोडं विचारते, मध्ये गाणं लागतं, परत थोडं बोलणं. तर ते पाहुणे सांगत होते की तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडच्या भागातून येतो. खायचा नव्हे, कडू. वेलावर पुरता पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. साल जाड पाहिजे, आकार गोल पाहिजे, चिरलेला चालत नाही. लाकूड कितीही भारी घ्या, ते म्हणाले, आवाज भोपळ्याच्या पोकळीतच घुमतो. मग त्यांनी तंबोरा छेडून दाखवला. आमच्या गोठ्यात, शेणाच्या वासात, ती सा-ची घुमणारी तार.

भाऊ म्हणाला, "भोपळ्याला किती दिवस लागत असतील रं?"

तीन महिन्यांनी त्यानं शेतीतला प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, "काय की. पावसाळ्यात लावून बघू." त्याच्यापेक्षा जास्त मी काही बोललो नाही, आणि आईलाही दुपारपर्यंत सांगितलं नाही.

लावले. जूनमध्ये बांधावर सहा वेल, बी एका पाहुण्यानं मंगळवेढ्याहून आणून दिलं. चार वेल किडीनं गेले, दोन माजले. पाच-सहा भोपळे लागले, त्यातले दोन चांगले मोठे. वाळायला टांगले तर एक चिरला आणि दुसरा एका बाजूनं चपटा निघाला. तंबोरेवाल्याला दाखवायच्या लायकीचा एकही नाही. चपटा आता वहिनी बियाणं ठेवायला वापरते. भावानं बाग पुढच्या वर्षी निम्मी काढली, निम्मी ठेवली, काढलेल्या रानात शाळू आणि हरभरा केला. कर्जाची फेररचना झाली, ते फिटायला अजून वेळ आहे. गोळ्या दीड वर्षानं डॉक्टरांनी बंद केल्या. ही काही फार मोठी यशोगाथा नाही. पण तो आहे, आणि पहाटे साडेपाचला गोठ्यात मीच त्याच्यानंतर पोचतो.

आता रेडिओचा मालक तोच झालाय. पुण्याच्या बातम्या संपल्या की काटा हलवून विविध भारतीवर जातो. माझ्या मते गाणं आणि विचार यांची सगळ्यात चांगली सांगड तिथं पावणेआठला 'त्रिवेणी'त असते. पंधरा मिनिटं, एक विषय, तीन गाणी. विषय कधी रस्ता, कधी सावली, कधी पत्र. निवेदक चार-चार वाक्यं बोलतो आणि बाजूला होतो, कारण पुढचं काम गाणं करणार असतं. त्याच्या आधी साडेसातला 'संगीत सरिता', रागांची ओळख करून देणारी. भावाला आता शिवरंजनी कळतो, पहाटेच्या धुनेमुळं. अण्णांचा मात्र यावर आक्षेप. त्यांच्या तरुणपणी सकाळी साडेसात ते आठ रेडिओ सिलोन लागायचं, जुनी सिनेमाची गाणी, आणि शेवटचं गाणं ठरलेलं, सैगलचं. सैगल संपला की आठ वाजले. "तुमच्या ह्याच्यात आठ कवा वाजल्यालं कळतच नाही," म्हणतात.

आता अडचणीचं सांगतो, कारण कुणाला उपाय माहीत असला तर पाहिजे आहे. मध्यम लहरींचा आवाज दिवसेंदिवस घाण होत चाललाय. पहाटे सहाच्या सुमाराला सांगलीच्या आवाजाखाली दुसरंच कुठलं तरी लांबचं केंद्र कुजबुजत असतं. ते नैसर्गिक आहे. रात्री या लहरी आकाशातल्या थरांवरून परतून लांब लांब जातात. दिवस उगवला की त्यातला खालचा थर त्यांना शोषून घेतो आणि लांबची केंद्रं विरून जवळचं स्वच्छ होतं. ही गंमत मी रोज ऐकतो. दिवस उगवताना नुसतं दिसत नाही, ऐकूही येतं.

खरा त्रास माणसानं केलेला. गोठ्यात स्वस्तातला एलईडी दिवा लावला तेव्हा पहिल्यांदा गुणगुण सुरू झाली. दिवा बदलला, कमी झाली. मग रात्रीच्या लाइटीच्या पाळ्यांना कंटाळून सौर पंप घेतला. पंप झकास आहे, दिवसा पाणी मिळतं, रात्री विंचू-काट्यात जायचं बंद झालं. पण ऊन आलं आणि त्याचा कंट्रोलर चालू झाला की रेडिओत भुंगा शिरतो. त्यामुळं सहाचं चिंतन स्वच्छ आणि साडेसातनंतरची गाणी भुंग्यात, असं झालंय. एक उपाय सापडला तो लिहून ठेवतो. रेडिओच्या पोटात एक काळी कांडी असते, मध्यम लहरींची अँटेना तीच. कांडीचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेचा आवाज सगळ्यात कमी येतो. रेडिओ हळूहळू फिरवत बघायचा आणि भुंगा जिथं सगळ्यात बारीक होईल तिथं पक्का करायचा. आमचा आता खांबाला तिरका टांगलाय, तो त्यासाठी. बघणाऱ्याला वाटतं पडायला आलाय.

पुतणी म्हणते, "काका, न्यूज ऑन एअरचं ॲप घ्या, स्वच्छ ऐकू येतं." घेतलं. खरंच स्वच्छ येतं, आणि देशातली कितीतरी केंद्रं लागतात. परदेशात गेलेल्या पोरांना त्यावर गावाकडचं केंद्र ऐकता येतं, हे फार चांगलं झालं. पण गोठ्यात रेंज एक कांडी. मध्येच फोन येतो आणि गाणं तुटतं. सकाळी सहाला औषध दुकानदाराचा उधारीचा फोन त्याच यंत्रातून यावा ज्यातून अभंग चालू आहे, हे मला पटत नाही. भावाला तर अजिबात नाही. त्याचा मोबाइल सकाळी आठपर्यंत घरात फडताळात असतो, २०२० पासून. तो नियम त्याचा त्यानं केलाय.

देशभरात मध्यम लहरींचे बरेच जुने ट्रान्समीटर अलीकडं बंद करण्यात आलेत, एफएम आणि मोबाइलकडं वळायचं धोरण आहे. खर्चाचा हिशेब त्यांचा बरोबर असेल. माझा हिशेब वेगळा आहे: दोन सेल, दोन-अडीच महिने चालतात, रिचार्ज नाही, रेंज नाही, पुरात लाइट गेली तरी चालू. एफएमला डोंगर आडवा येतो, आमच्या दऱ्यातल्या वस्त्यांना विचारा.

पाऊस लागायच्या आत सौर पंपाच्या कंट्रोलरची वायर लोखंडी पायपातून घेऊन पायपाला अर्थिंग करून बघणार आहोत. वायरमननं सांगितलंय की भुंगा निम्मा तरी कमी होईल. भाऊ म्हणतोय कंट्रोलरच उचलून विहिरीच्या पलीकडच्या अंगाला न्यावा, पन्नास-साठ फूट लांब. वायरचा खर्च वाढेल, पण त्याला 'त्रिवेणी' भुंग्याशिवाय पाहिजे आहे. आधी पाइप करून बघतो, काय फरक पडला ते लिहीन.